डोंगर एकदा साफ केला की झालं? तोडलेलं रान परत का येतं आणि ते येऊ न देण्याची किंमत काय

होळीच्या आगेमागे कोकणात कटर मशीन आणि जेसीबी यांचे आवाज सुरू होतात. मग कुणाच्या तरी मोबाईलवरून व्हिडिओ फिरतो. लाल, बोडका डोंगर, कडेला रचलेले ओंडके, आणि खाली ठरलेलं भांडण. एक बाजू म्हणते निसर्गाचा सत्यानाश, दुसरी विचारते की मग शेतकऱ्याने खायचं काय. दोन्ही बाजू एक गोष्ट मात्र गृहीत धरतात, की झाडं पडली म्हणजे विषय संपला.

प्रत्यक्षात खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर रान तोडणं तुलनेने स्वस्त आहे. ते तोडलेलं ठेवणं फार महाग आहे, शेतकऱ्यालाही आणि डोंगरालाही. जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते डोंगर कायमचा साफ ठेवण्याच्या भानगडीत पडतच नसत.

झाड तोडलं म्हणजे मेलं असं नाही

फाल्गुनात तोडलेल्या किंजळीचा बुंधा पावसाळ्यात जवळ जाऊन बघा. कापलेला भाग राखाडी पडून तडकलेला असतो, मेल्यासारखा. पण त्याच्या कडेने, साल आणि लाकूड जिथे जुळतात तिथून, तांबूस कोवळे कोंब गर्दी करून आलेले असतात. एकेका बुंध्यावर दहा-वीस फुटवे सहज असतात, आणि दिवाळीपर्यंत ते कमरेला लागतात. ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ, करवंद ही सगळी मंडळी याच जातीची.

याचं कारण जमिनीखाली आहे. झाड पानांतून जे अन्न तयार करतं त्यातला मोठा वाटा पिष्टाच्या रूपात मुळांत साठवतं. हिवाळा संपताना पानं गळतात तेव्हा हा साठा भरलेला असतो. नवी पालवी फुटली की तो खर्ची पडतो, आणि पालवी पुरती उमलते त्या सुमाराला तो सर्वांत कमी असतो.

आता गंमत बघा. आपण तोड करतो ती माघ-फाल्गुनात. तेव्हा लाकूड सुकायला वेळ मिळतो, मजूर मोकळे असतात, आणि तोडलेलं जाळायचं तर ते वाळलेलं हवं. म्हणजे मुळांत साठा भरगच्च असताना आपण वरचं खोड उतरवतो. पहिल्याच पावसात मूळ सगळी ताकद फुटव्यांत ओततं. तोडीसाठी सर्वांत सोयीचा महिना हाच रान परत येण्यासाठीही सर्वांत सोयीचा. तेच फुटवे ऐन पावसात, आषाढ-श्रावणात, छाटले आणि पुन्हा आले की पुन्हा छाटले, तर मूळ दोन-तीन वर्षांत थकतं. पण तेव्हा शेतकरी लावणीत कमरेएवढा बुडालेला असतो.

मग जाळायचं कशासाठी?

कोकणातली डोंगरउताराची माती जांभ्याची. लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, आम्लता जास्त, आणि स्फुरद (फॉस्फरस) असला तरी मातीतलं लोह त्याला असं धरून बसतं की पिकाला तो मिळत नाही. वर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. विरघळणारं जे काही असेल ते खाली वाहून जातं. अशा ठिकाणी सुपीकतेचा मोठा भाग मातीत खोलवर नसतो. तो झाडांच्या अंगात आणि वरच्या वीतभर थरात असतो.

जंगल म्हणजे डोंगराची मुदत ठेव. पंधरा वर्षं थोडं थोडं करून झाडांनी खोलवरून पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम, मॅग्नेशियम, स्फुरद वर आणून पानाफांद्यांत जमा केलेलं असतं. जाळणं म्हणजे ती ठेव एका दिवसात मोडणं. राख पडते, मातीची आम्लता उतरते, अडकलेला स्फुरद काही प्रमाणात सुटतो आणि पहिल्या वर्षी नाचणी अशी येते की बघत राहावं. मोडण्याचा दंडही लागतो. नत्र आणि गंधक धुराबरोबर हवेत जातात, आणि उरलेल्या राखेतली बरीचशी पहिल्या मोठ्या सरीबरोबर व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, लागते. दुसऱ्या वर्षी पीक मध्यम, तिसऱ्या वर्षी बेताचं. म्हणून ‘जाळल्याने जमीन सुपीक होते’ हे वाक्य एका हंगामापुरतंच खरं आहे.

भातशेतीतली भाजावळ, म्हणजे ठाणे-रायगडकडचा राब, हा याच तत्त्वाचा छोटा आणि शहाणा अवतार. तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, राखलेल्या तुकड्यावर आधी शेणाचा थर, त्यावर झाडांवरून उतरवलेल्या पानाळ फांद्यांचं कवळ, त्यावर गवत आणि पातेरा, आणि शेवटी बारीक मातीचा पातळ थर. आग लावायची ती वाऱ्याच्या उलट सरकेल अशा बाजूने, म्हणजे ती भडकत नाही, धुमसत पुढे जाते. त्या उष्णतेने वरच्या मातीतलं तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, आणि राख नेमकी रोपांना मिळते. यात झाड तुटत नाही, फक्त फांद्या उतरतात. पुढच्या खेपेला त्याच झाडाचं कवळ पुन्हा मिळतं.

जुने लोक जमीन सोडून का देत?

वरकस जमिनीचा, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीचा, जुना फेरा असा असे: पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी हरीक किंवा कारळा, आणि मग जमीन मोकळी. किती वर्षं मोकळी, ते डोंगराच्या आणि माणसांच्या संख्येवर ठरे. रायगडकडच्या कातकरी-ठाकरांच्या दळी शेतीत आणि कारवार-गोव्याकडच्या कुमरीतही थोड्याफार फरकाने हेच चाले.

सोडून देण्याचं एक कारण वर आलंच, ठेव संपते. दुसऱ्याची चर्चा कमी होते, पण डोंगरावर नाचणी केलेल्या कुणालाही विचारा, ते तो आधी सांगेल. तण. पहिल्या वर्षी भाजलेल्या मातीत तण जवळपास नसतं. दुसऱ्या वर्षी वाऱ्याने आलेलं गवत बसतं. तिसऱ्या वर्षी खुरपणीला जे हात लागतात त्यांच्या पोटाला घालावं एवढंही धान्य निघत नाही. अशा वेळी तणाशी लढण्यापेक्षा जमीन फुटव्यांच्या हवाली करणं स्वस्त पडे. झाडं वर आली की सावलीने गवत आपोआप मरतं. खुरपणीचं काम जंगलच करून टाकतं, फक्त त्याला दहा-बारा वर्षं लागतात.

इंग्रजांच्या वनखात्याला यातलं फारसं पटत नव्हतं. झाडांच्या फांद्या उतरवणं म्हणजे इमारती लाकडाची नासाडी, अशी त्यांची नजर. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत राबाच्या कवळावर निर्बंध आले, लोक खवळले, आणि सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. शेतकरी विरुद्ध वनखातं हे भांडण आपल्याकडे निदान एवढं जुनं आहे.

‘आमचे आजोबाही जाळतच होते की!’

होते. पण तीन गोष्टी वेगळ्या होत्या. एका वेळी तुकडा लहान असे आणि चहूबाजूंनी रान असे, त्यामुळे बी येत राही. विश्रांती लांब असे. आणि मुळं जागेवर असत. कोयता-कुऱ्हाडीने कुणी बुंधा उपटत नसे, तेवढी ताकद आणि वेळच नव्हता. वर शेत आणि खाली जिवंत मुळांचं जाळं, अशी ती तीन वर्षं जात. उतारावरची माती त्या जाळ्याने धरलेली असे.

विश्रांती पंधरावरून पाच वर्षांवर आली की हाच फेरा डोंगर खाऊ लागतो. फुटव्यांना साठा भरायला वेळ मिळत नाही, गवत आणि झुडपं कायमची बसतात, आणि दरवर्षी वणवा लागला तर जाड सालीचे ऐन-कुंभे तेवढे तग धरतात. पातळ सालीची सदाहरित झाडं हळूहळू नाहीशी होतात. गावाच्या देवराईत जाऊन या आणि मग शेजारचा माळ बघा, एकाच मातीवर काय काय उभं राहू शकतं ते कळेल.

जेसीबीने काय बदललं

एका शब्दात, मुळं. यंत्र बुंध्यासकट झाड उपटतं. फुटव्यांची कटकट संपते, म्हणून ते आकर्षक वाटतं. पण त्याच वेळी वरचा वीतभर सुपीक थर उलटून खाली जातो, खालचा मुरूम-जांभा वर येतो, आणि यंत्राच्या वजनाने माती इतकी दाबली जाते की पाणी मुरायचं थांबतं. जूनमध्ये त्या उतारावरून जे लालभडक पाणी वाहतं, ती तुमची मुदत ठेव. या वेळी पीक न घेताच मोडलेली.

नायजेरियात इबादान इथल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत १९७० च्या दशकापासून रतन लाल यांनी नेमका हाच प्रश्न हाताळला. हे अविभक्त भारतात जन्मलेले मृदाशास्त्रज्ञ, २०२० च्या जागतिक अन्न पुरस्काराचे मानकरी. जंगल हाताने साफ केलं तर काय होतं आणि यंत्राने साफ केलं तर काय होतं, याची त्यांनी शेतावर तुलना केली. हाताने तोडून मुळं जागेवर ठेवलेल्या जमिनीच्या मानाने यंत्राने उपटलेल्या जमिनीतून पाणी आणि माती कितीतरी जास्त वाहून गेली. आपल्या घाटाच्या उतारावर, आपल्या पावसात, याहून बरं काही घडण्याचं कारण नाही.

‘काजू हेही झाडच आहे ना?’

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, म्हणून जरा थांबू. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड दिली आणि कोकणातल्या पडीक वरकशीवर आंबा-काजू उभा राहिला. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या जातींनी उत्पन्न वाढवलं. अनेक घरांतलं मनीऑर्डरवरचं जगणं त्यामुळे सुटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पडीक माळावर काजू लावणं मला तरी चांगलंच काम वाटतं.

उभं जंगल तोडून काजू लावणं ही वेगळी गोष्ट. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी इथे आणलेला. सात बाय सात मीटरवर लावला तर हेक्टरी दोनशेच्या आसपास झाडं बसतात, सगळी एका वयाची, एका उंचीची. ती मोठी होईपर्यंत, म्हणजे तीन-चार पावसाळे, मधली जमीन उघडी असते. धनेशाला घरट्यासाठी ढोल्या असलेलं जुनं झाड लागतं, ते त्यात नसतं.

सरकारचा स्वतःचाच गोंधळ तर बघण्यासारखा आहे. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून मोजणी करतं तेव्हा एक हेक्टर किंवा त्याहून मोठी, किमान दहा टक्के झाडांच्या छत्रीखालची कुठलीही जमीन ‘वनाच्छादन’ धरली जाते. मालकी कुणाचीही असो, झाड कुठलंही असो. म्हणजे ऐन-किंजळीचं रान गेलं आणि काजू मोठा झाला की आकडेवारीत काहीच घटलेलं नसतं. उलट १९८० च्या वन संवर्धन कायद्यात फळबाग लागवड हे ‘वनेतर’ काम आहे. तीच काजूची बाग आकाशातून जंगल आणि जमिनीवरून जंगलाचा भंग! ‘वनक्षेत्र वाढलं’ अशी बातमी वाचाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

बेणणी: न संपणारं काम

बाग लावली की दरवर्षी बेणणी, म्हणजे गवत-झुडपं आणि फुटवे कापून काढणं, आली. पावसात एकदा, पाऊस सरताना पुन्हा. पूर्वी कोयत्याने होई, आता ग्रास कटरने होते. मजूर मिळेनात आणि मिळाले तर परवडेनात, हे गाऱ्हाणं प्रत्येक बागायतदाराचं आहे. बेणणी चुकली की फुटवे काजूच्या उंचीला येतात आणि मध्ये रानमोडी घुसते.

रानमोडी आणि घाणेरी या दोघी अमेरिकेतून आलेल्या, आणि दोघींनाही उघडी, ऊन लागलेली, नुकतीच हलवलेली जमीन हवी असते. घनदाट रानात त्यांना शिरता येत नाही. आपण डोंगर साफ करतो तेव्हा त्यांच्यासाठी अंगण सारवून ठेवतो. रानमोडीचं बी कापसासारखं वाऱ्यावर जातं. थंडीत ती फुलण्याआधी कापली तर उपयोग, फुलल्यावर कापली तर आपणच पेरणी केल्यासारखं होतं. उन्हाळ्यात ती वाळून काडेपेटी होते. शेजारच्या माळावर कुणी गवताला काडी लावली की आग तिच्या अंगावरून बागेत येते, आणि दहा वर्षांची काजू एका दुपारी जाते. म्हणून कडेने जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा साफ पट्टा, काढायची ती थंडीतच, वणव्याची बातमी आल्यावर नव्हे. जळालेली रानमोडी मात्र बुडख्यातून पुन्हा फुटते.

तणनाशक हा सोपा मार्ग दिसतो. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध आणले, पण आधीचा मुद्दा असा की उतारावर गवतही मारलं तर पावसाच्या पहिल्या तडाख्याला माती धरणार कोण?

दरडी आणि झाडतोड: दोन्ही टोकं चुकीची

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. प्रत्येक दुर्घटनेनंतर ‘झाडं तोडली म्हणून’ आणि ‘पाऊसच तसा होता’ असे दोन निकाल ताबडतोब लागतात. झाडांची मुळं बहुतेक वरच्या मीटर-दीड मीटरमध्ये असतात. तेवढ्या जाडीची माती ती शिवून धरतात. त्याहून खोल, खडकाच्या तोंडाशी पाणी साठून सरकणारी दरड जंगलालाही घेऊन खाली येते. जंगल असलं की दरड येत नाही, हे खरं नाही.

पण एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. झाड तोडल्याबरोबर उतार कमजोर होत नाही. मेलेली मुळं काही वर्षं माती धरून ठेवतात, मग कुजतात. तोडीनंतर साधारण तीन ते दहा वर्षांचा काळ सर्वांत धोक्याचा, कारण जुनी मुळं गेलेली असतात आणि नव्यांनी जोर धरलेला नसतो. म्हणून ‘तोडून पाच पावसाळे झाले, काही झालं नाही’ हा युक्तिवाद उलटा आहे. आणि फुटवे येऊ दिले तर मूळ जिवंत राहतं, हा धोका पुष्कळ कमी होतो. नेमके तेच आपण संपवायला बघतो.

‘जमीन माझी, मग परवानगी कशाला?’

सातबारा तुमचा असला तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे अनुसूचित झाडं तोडायला परवानगी लागते. साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, आंबा, फणस ही त्यांतली काही. कोकणातलं सामान्य रान म्हणजे बरंचसं यांचंच.

दुसरा अडथळा सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात असतो. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वनं सरकारजमा झाली. कागदावर. अनेक कुटुंबं त्यानंतरही तिथे नांगरत राहिली, आणि नोंद बघून धक्का बसला तो नातवाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज प्रकरणात सांगितलं की वन कायद्याखालची जुनी नोटीस नुसती निघाली होती एवढ्यावर जमीन खाजगी वन ठरत नाही, ती बजावली गेली होती का आणि पुढे कारवाई झाली का हे पाहावं लागेल.

तिसरा अडथळा सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाचा. जंगलाचा जो शब्दकोशातला अर्थ, तोच कायद्यातला अर्थ, मालकी कुणाचीही असो. सिंधुदुर्गातल्या वनसंज्ञेच्या, म्हणजे खाजगी जमिनीही ‘वन’ धरल्या जाण्याच्या, प्रश्नाचं मूळ इथे आहे. वन संवर्धन कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने ही व्याप्ती आवळायचा प्रयत्न केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने १९९६ चाच अर्थ चालू ठेवायला सांगितला.

वनहक्क कायदा यातून वाट काढून देईल, असंही काही जण समजतात. तो कायदा १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या जमिनीवरचा हक्क मान्य करतो, जास्तीत जास्त चार हेक्टर. आज नवं रान तोडून त्याखाली दावा करता येत नाही.

माझं मत विचाराल तर हे कायदे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि त्याचा त्रास प्रामाणिकपणे विचारायला जाणाऱ्यालाच होतो. डोंगर एकगठ्ठा विकत घेऊन तोडणाऱ्या व्यापाऱ्याला कागद कसे फिरवायचे ते ठाऊक असतं. रान राखणाऱ्याला मात्र दमडी मिळत नाही, आणि तोडणाऱ्याला निदान सरपणाचे पैसे तरी मिळतात. हा हिशोब बदलल्याशिवाय नुसता दंड वाढवून काही होईल असं वाटत नाही.

तोडायचंच असेल तर

परवानगी हातात आहे असं धरून. व्हाळाच्या दोन्ही काठांची झाडं ठेवा. उताराला आडवे असे रानाचे पट्टे सोडा, त्यांची रुंदी जमिनीला परवडेल तेवढी. बुंधे उपटू नका, जमिनीलगत कापा. जिथे काजूचं कलम बसणार आहे तिथले फुटवे पावसात दोनदा छाटून मूळ थकवा. बाकीच्या बुंध्यांवर एक-दोन जोमदार फुटवे राखून उरलेले दरवर्षी उतरवा आणि काजूच्या बुडात पसरा. तेच कवळ, तेच आच्छादन, आणि त्याखाली गवतही कमी येतं. राखलेले फुटवे पंधरा-वीस वर्षांत पुन्हा सरपणाला येतात. आणि जेसीबीवाल्याला बयाणा देण्याआधी तलाठ्याकडून जुने फेरफार काढून ‘वन’ शब्द कुठे आलाय का ते बघा. आला असेल तर तालुक्याला एक खेप मारून वनखात्याचं म्हणणं लेखी घ्या, तोंडी नको.